जाणवतंय का, काकू?

विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या खोलीत वर एक भलाथोरला पत्रा, खाली एक पत्रा आणि मधे लाकडी खुर्ची. पत्र्यांत वीज सोडायची आणि खुर्चीतल्या माणसाला ती अंगावर जाणवते का, हे विचारायचं. विजेच्या मोठ्या तारांखाली राहणाऱ्यांना काय होतं, याचा हा अभ्यास. धोका काही नाही, फार तर हातावरची लव उभी राहते. त्यासाठी माणसं हवी होती आणि पद्मावतीकाकूंकडे वेळच वेळ होता. नवरा गेलेला, मुलगा गोमटेश बंगळूरला. घरात बोलायला एक टीव्ही, आणि तो कुणाचं ऐकून घेत नाही.

पहिल्या दिवशी काकू बांगड्या काढून बसल्या. रोज सामायिकाच्या ध्यानाला बसणारी बाई. न हलता बसणं तिला काय शिकवायचं? स्पीकरवर संशोधन करणाऱ्या प्रांजलचा आवाज आला, "काकू, जाणवतंय का?" हातावरून मुंगी चालल्यासारखं झालं होतं. त्या "व्हय" म्हणाल्या. प्रांजल हरखली. मग चहा झाला, तासगावच्या बेदाण्यापासून सुनेच्या स्वयंपाकापर्यंत गप्पा झाल्या. काकू गुणगुणत घरी आल्या.

शेजारची पूजाही त्या खुर्चीत बसून आली होती. तिने मात्र आपल्याला काहीच जाणवलं नाही म्हणून सांगितलं होतं. तिला परत बोलावणं आलं नाही. काकूंनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. पुढे मुंगी चालो न चालो, त्या "व्हय" म्हणत राहिल्या. खोटं न बोलण्याचं व्रत लग्नाआधीपासूनचं. संध्याकाळी प्रतिक्रमणात दिवसभराचे दोष आठवताना जीभ अडखळायची. पण दर गुरुवारी कुणीतरी आपल्याला काही विचारतं आणि उत्तराची वाट बघतं, हे त्यांना सोडवेना.

एका गुरुवारी प्रांजल चहाचा कप धरून नुसतीच बसली. मग म्हणाली, "काकू, मधूनमधून आम्ही वीज बंदच ठेवतो. तेव्हाही तुम्ही हो म्हणता. तुमची सगळी उत्तरं मला बाजूला काढावी लागतील."

काकूंचं तोंड उतरलं. "न्हाई म्हणलं तर तू परत बोलवणार न्हाईस, असं वाटलं गं."

"अहो, नाही म्हणणारेही मला तितकेच लागतात. पूजाताईंना बीपीमुळे थांबवलं."

म्हणजे खरं बोलल्या असत्या तर अजून येता आलं असतं. प्रांजल चिडली असती तरी परवडलं असतं. ती उलट रिक्षापर्यंत सोडायला आली आणि कधीही चहाला या म्हणाली. असल्या बोलावण्याला वार नसतो, हे काकूंना ठाऊक होतं. रिक्षात त्यांना रडू आलं.

रविवारी गोमटेशचा फोन आला. नातवाची परीक्षा, तिकडचा पाऊस, सगळं सांगून झालं आणि शेवटी त्याने विचारलं, "करमतंय ना, आई?" याचं उत्तर वर्षानुवर्षं "व्हय" असं ठरलेलं होतं.

"न्हाई रं बाळा," त्या म्हणाल्या. "अजिबात करमत न्हाई मला."

गोमटेश म्हणाला की आवाज तुटतोय, उद्या करतो. काकूंना त्याचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला होता.