पाटीवरचं एकच नाव

पाट्या रंगवणाऱ्या दादाचं अक्षर बाजारातली निम्मी दुकानं ओळखायची. शाळा सातवीत सुटली, पण हात असा की शिकलेली माणसं थांबून बघत. "पट्टी लागते ती कच्च्या माणसाला. मला नजर पुरते," असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि खरंच त्याची ओळ कधी वाकडी गेली नव्हती.

वस्तीच्या टोकाला घराण्याची जमीन होती. कागदावर अजून आजोबांचंच नाव. वडील जाताना म्हणाले होते, "जमीन तुझ्या हातात देतोय, पण ती तुम्हा तिघा भावंडांची. विकायची नाही, तोडायची नाही. थोरल्यानं राखायची." घरात चालत आलेली रीत हीच. सही नाही, शिक्का नाही, नुसता शब्द. दादानं बावीस वर्षं कुंपण सांभाळलं, झुडपं तोडली आणि फाटकावर पाटी लावली. पाटीवर नाव एकच, त्याचं. वीतभर उंच अक्षरं, मागे लाल सावली. दर दोन वर्षांनी रंगाचा नवा हात.

एका मंगळवारी फाटकाशी धाकटा भाऊ दिसला. मोबाइलवर पाटीचा फोटो काढत होता. दादाच्या मनात पाल चुकचुकली. सहा महिने फोन नाही, घरी फिरकला नाही, आणि थेट जमिनीवर?

"काय रे, वाट चुकलास?"

"नाही दादा. सहज."

"सहज माणूस झाडाचा फोटो काढतो. पाटीचा नाही."

धाकट्यानं मोबाइल खिशात टाकला. "अक्षर चांगलंय म्हणून काढला."

हे दादाला पटण्यासारखं होतं, म्हणूनच संशय दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडचा सुतार रंधा थांबवून म्हणाला, "तुझा भाऊ आलेला. जमीन कुणाची म्हणून विचारत होता."

"जमिनीला गिऱ्हाईक बघून ठेवलंय त्यानं," दादा घरी येऊन बायकोला म्हणाला.

"तुम्हाला कुणी शिंकलं तरी कट दिसतो," ती म्हणाली. तरी त्यानं कागदांच्या पेटीला दुसरं कुलूप घातलं आणि किल्ली रंगाच्या डब्यात लपवली.

शनिवारी बहीण आली. बस म्हटलं तरी बसली नाही. पिशवीतून सरकारी नोटीस काढून तिनं टेबलावर ठेवली. मोजणीला आलेल्या कारकुनानं फाटकावरची पाटी वाचली होती, शेजाऱ्यांना विचारलं होतं आणि जमिनीच्या कागदावर एकट्या दादाचं नाव लावलं होतं. तीस दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर तेच कायम. तशीच नोटीस दादालाही आली होती. ती दुकानात ब्रश पुसायच्या कागदांत पडली होती, न वाचलेली.

"दादा, हे तू केलंस?"

"मी कचेरीची पायरीसुद्धा चढलेलो नाही."

"मग शेजारी एका तोंडानं तुझी जमीन कसं म्हणतात? सुतार म्हणाला, तो स्वतःच सांगतो, माझी म्हणून."

दादानं सांगितलं होतंच. सुताराला, दूधवाल्याला, बायकोच्या माहेरच्यांना. 'आमची' म्हटलं की छाती तेवढी फुगायची नाही. लबाडी नव्हती, ऐट होती. पण ती कारकुनाला कशी कळावी?

"नोटीस मिळताच धाकट्यानं पाटीचा फोटो घेऊन वकील गाठलाय," बहीण म्हणाली. "एकदा कोर्टात गेलो, की मग आपण भावंडं राहणार नाही."

यावर उपाय एकच होता. दादानं स्वतः लिहून द्यायचं, शेजारच्या साक्षीदारासमोर. म्हणजे सुतारासमोर म्हणायचं, की जमीन माझी नाही. चपलांच्या दुकानाची पाटी रंगवताना त्याची ओळ वाकडी गेली.

सोमवारी तो सुताराला घेऊन कचेरीत गेला. धाकटा बाकावर आधीच बसलेला, शेजारी वकील. दादानं तिकडे बघितलं नाही.

"जमीन तिघांची आहे," तो कारकुनाला म्हणाला. "मी राखणदार."

सुतारानं मान वळवली. "अरे, पण इतकी वर्षं तू..."

"इतकी वर्षं फुशारकी मारली. सही कर."

अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. कारकून मजकूर सोडून अक्षरच बघत राहिला, हे दादाच्या नजरेतून सुटलं नाही. धाकट्यानं कागद दोनदा वाचला, वकिलाला वाचायला दिला, मग त्याचा फोटो काढून घेतला. वकील उठून गेला.

त्याच आठवड्यात दादानं पाटी पांढरी केली आणि तीन नावं लिहिली. धाकटा आला. त्यानं बोटं लावून तिन्ही नावांची उंची मोजली.

"माझं जरा बारीक वाटतंय."

"पट्टी लावून लिहिलंय. परत मोज."

पट्टी म्हटल्यावर धाकट्यानं वर बघितलं. तरी परत मोजलं. सारखं भरलं. मग त्यानं मोबाइल काढला.

"अक्षर चांगलंय म्हणून," तो म्हणाला.

या वेळी खरं असेल, असं दादाला वाटलं. खात्री नव्हती.

"तिथून नको," तो म्हणाला, "ऊन चमकतंय. इकडून काढ."