काकूंनी दहादा घेतलेलं नाव

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली तरी कौसल्याकाकूंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशन दुकानात, बँकेत कुणी विचारलं की त्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघत आणि तो नाव सांगे. एकोडी गावात आमची भिंतीला भिंत, म्हणून तो माणूस बहुधा मीच असे. शाळा सांभाळून मी हेही काम केलं.

काका तलावात मासे धरत आणि पाळीवर उभे राहून असे ओरडून विकत, की अर्ध्या गावाला भाव कळे. एका सकाळी त्यांना लकवा मारला. हातपाय महिन्याभरात वळणावर आले, वाचा मात्र गेली. समजायचं सगळं, बोलायला जात आणि नुसतं "त, त" निघे. मग ते भिंतीकडे तोंड करून बसत. मला ते बघवत नसे.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात बोलण्याचे उपचार फुकट होते, दर बुधवारी अर्धा तास. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "बाकीचं घरी करायचं. सुरुवात त्यांच्याच नावापासून. काकू, तुम्ही म्हणायचं, मागून ते म्हणतील. सकाळी दहादा, संध्याकाळी दहादा."

काकूंनी पदर सारखा केला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "गुर्जी, सरकारी काही खरं नाही. पोरगा या म्हणून राहिला, तं नागपूरलेच जाऊ. पिरायवेट."

"काहून? मॅडम तर चांगल्या आहेत."

"चांगल्या हायेत. पन अर्धाच घंटा."

खरं कारण मला कळलं होतं. नागपूरला मुलाकडे राहून आठवड्यातून तीनदा उपचार सुरू झाले. आत तिथल्या बाई नाव घेत, काकू बाहेर बाकावर निवांत. महिन्याने त्या बाईंनीही त्यांना आत बोलावलं आणि सांगितलं, की घरचं माणूस रोज बोलल्याशिवाय नुसत्या आमच्याने होणार नाही.

काकू दुसऱ्याच दिवशी एसटीने काकांना घेऊन परत. "दोन्हीकडं नाव घ्याच लागते, तं आपल्या घरीच घेऊ."

पहिला आठवडा त्यांनी दार लावून, काकांकडे पाठ करून नाव घेतलं. बुधवारी तसं मॅडमना प्रामाणिकपणे सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, "त्यांना तुमचे ओठ दिसले पाहिजेत." मग काकू समोर बसू लागल्या. मी अंगणात दात घासत मोजत असे. एके दिवशी सातव्या खेपेला भिंतीपलीकडून जाड आवाज आला, "दे... व."

"अर्धंच काहून? पुरं म्हना," काकू म्हणाल्या.

मी ब्रश हातात धरून पायरीवर बसलो आणि रडलो.

काकांनी पुन्हा कधी मासे विकले नाहीत. चाळीसेक शब्द आले, त्यातले तीस काकूंशी भांडायला लागत. दोन वर्षांनी दुसरा झटका आला आणि ते गेले.

तेरवी झाल्यावर मृत्यूची नोंद करायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. "मयताचं नाव?" असं विचारून गावातल्याच बाबूने रिवाजाप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. मीही तोंड उघडलं.

"गुर्जीले कायले इचारतेस? मले इचार," काकू म्हणाल्या.

मग ओठ नीट दिसतील असं तोंड करून त्यांनी सावकाश नाव घेतलं, "देवराव." आणि सवयीने थोडा वेळ थांबल्या.