थोरलीनं पळवलेली टपालपेटी

पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत आणि घरीही ती ताईच. दुसरं काही व्हायची तिला कधी सवडच मिळाली नाही. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात पाळीवर जायची, वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, आणि घरात उरायच्या दोघी: ही थोरली आणि जेमतेम बोलायला लागलेली धाकटी. धाकटीची वेणी, धाकटीचे पाढे, धाकटीचा ताप, सगळं थोरलीच्या गळ्यात. पुढं तिची शाळा सुटली, हातात कात्री आली, आणि लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवता शिवता केस पांढरे झाले. संसार झाला, बस चालवणारा शांत नवरा मिळाला. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही.

धाकटी मात्र शिकली. चष्म्याच्या दुकानात लागली. लोकांच्या नाकावर चष्मे बसवत, कानामागच्या काड्या वाकवत, दोन शब्द हसून बोलत ती सगळ्यांची लाडकी होऊन बसली. थोरलीला तिचं कौतुक होतं. चारचौघांत ती धाकटीबद्दल भरभरून बोलायची. पण दुसऱ्या कुणी धाकटीचं कौतुक सुरू केलं की तिला एकदम काहीतरी काम आठवायचं.

एक दिवस नवरा जेवताना म्हणाला, "तुझ्या बहिणीनं तर कमाल केलीय. नदीकाठच्या पायवाटेवर टपालपेट्या लपवल्यात म्हणे. आमच्या डेपोतली अर्धी माणसं सुट्टीच्या दिवशी तिकडेच."

"कसल्या टपालपेट्या?"

"पत्र्याच्या. एवढ्या एवढ्या. पंपघरापाशी पाटीवर पहिलं कोडं लिहिलंय. ते सुटलं की पहिली पेटी सापडते. तिच्यात पुढचं कोडं आणि एक रबरी शिक्का. आपल्या कागदावर शिक्का मारायचा आणि पुढं निघायचं. लाकडी पुलापर्यंत."

"मोठ्या माणसांना उद्योग नाहीत," थोरली म्हणाली आणि त्याला न विचारता त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

पण मनातून ते जाईना. कारखान्यात शेजारच्या मशीनवरची बाई तेच बोलत होती, भाजीवाला तेच बोलत होता. डॉक्टरीणबाईंनी तर तिची नाडी धरून विचारलं, "तुम्ही त्यांच्याच बहीण ना?" नाडी त्या वेळी नक्कीच वाढली असणार.

मग आपल्या आठवड्याच्या सुट्टीला, इतरांच्या कामाच्या दिवशी, पायवाटेवर कुणी नसेल असं पाहून ती एकटीच निघाली. चुका काढायला निघाली होती, हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं होतं. पंपघराच्या भिंतीवर निळी पाटी होती आणि पाटीवर धाकटीचं गोल गोल अक्षर:

पाय आहेत चार, चालत नाही फार,
पाठीवर झेलतो सगळ्यांचा भार.
त्याच्या पोटाखाली वाका,
डोकं मात्र राखा!

"बाक," थोरली मोठ्यानं म्हणाली. वळणावर जुना बाक होता. ती वाकली, हात घातला, आणि पेटी हाताला लागली. लाल रंगाची, वर झडप असलेली, अगदी खऱ्यासारखी. शिक्क्यावर कासव होतं. पुढच्या कोड्यात एका पायावर उभा राहून डुलक्या काढणारा कुणीतरी होता. तो बगळा आहे हे कळायला तिला नदीकडं बघावंही लागलं नाही. बगळे ज्या बंधाऱ्यावर बसायचे त्याच्या फटीत दुसरी पेटी होती. तिसरं कोडं होतं:

केस मोकळे सोडून कोण बसलंय काठाला?
रोज धुते, विंचरत नाही, गाठ बसते गाठीला.

नदीवर वाकलेलं एक झाड आपल्या लांबसडक फांद्या पाण्यात सोडून बसलं होतं. त्याच्या बेचक्यात पेटी.

इथपर्यंत येताना थोरलीला मजा वाटली होती आणि त्याचा राग येत होता. पण तिसऱ्या पेटीतली चिठ्ठी उलगडली आणि शेवटच्या ओळीवर तिचे डोळे खिळले. "सापडलं तर हसा, नाहीतर फतकल मारून बसा!"

ही ओळ तिची होती. भांडी घासता घासता तिनं जुळवलेली. आई पाळीवर असायची, धाकटी दाराला चिकटून रडायची, तेव्हा थोरली घरभर चिठ्ठ्या लपवायची. धाकटीला वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक चिठ्ठी वाचून दाखवायची. 'तोंड आहे पण खात नाही' म्हणजे घागर. 'जीभ बाहेर काढून पडलाय' म्हणजे दारातला बूट. शेवटी कुठंतरी एक लिमलेटची गोळी. रडणं थांबायचं. आणि आता तसलीच कोडी, तोच खेळ, आणि वाहवा मात्र सगळी धाकटीची!

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "ते सगळं माझं चोरलंय तिनं."

"मग तिला विचार की."

"मी का विचारू? तिनं सांगायला नको?"

नवऱ्यानं चपला घातल्या आणि उगाचच दूध आणायला गेला.

रविवारी धाकटी स्वतः लोकांना घेऊन पायवाटेवर फिरायची. थोरली त्या रविवारी गर्दीत सगळ्यांच्या मागं उभी राहिली, खांद्याला शिवणाची पिशवी. तिला पाहून धाकटी केवढी खूश झाली! "ही माझी ताई," तिनं सगळ्यांना सांगितलं. थोरलीला वाटलं, आता पुढचं वाक्य येईल, की कोडी हिचीच. तेवढ्यात प्रश्न आला.

"तुम्हाला हे सुचलं कसं हो?" एका बाईनं विचारलं.

"मला कुठलं सुचतंय," धाकटी म्हणाली. "आमचे बाबा. ते ट्रकवर जाताना घरात माझ्यासाठी चिठ्ठ्या लपवून जायचे. अशीच कोडी घालायचे. काय डोकं होतं त्यांचं!"

बाबा! बाबांना र ला ट जोडता येत नव्हतं. सहीच्या जागी सही सोडली तर त्यांनी आयुष्यात हातात लेखणी धरली नव्हती. धाकटीनं श्रेय स्वतः घेतलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. चोरीचा माल तिनं भलत्यालाच देऊन टाकला होता, आणि तोही हयात नसलेल्या माणसाला, ज्याच्याशी भांडताही येत नाही.

सगळे बंधाऱ्यापाशी शिक्के मारत होते तेवढ्यात थोरली पुढं सटकली. झाडापाशी आली, बेचक्यात हात घातला, पेटी काढली आणि पिशवीत टाकली. वर पडद्याच्या कापडाचा बोळा. मग बाजूला उभी राहून नदी बघू लागली, जशी काही नदी तिनं आजच पहिल्यांदा पाहिली होती.

लोक आले. फांद्या बाजूला केल्या, बेचकं पाहिलं, मुळं पाहिली. पेटी नाही. कुणी म्हणालं, कोडंच चुकलंय. कुणी म्हणालं, वाहून गेली असेल. धाकटीचा चेहरा पडला. थोरलीनं तो पाहिला आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, छान वाटलं.

"खाली पडली असेल," म्हणत धाकटी उतारावरून पाण्याकडं उतरली. माती ओली होती. एक पाय घसरला, दुसरा त्याच्या मागोमाग गेला, आणि ती गुडघाभर गाळात जाऊन बसली. दोन-तीन माणसं हसली. धाकटीनं दोन्ही हात वर केले आणि हाक मारली, "ताईऽ!"

एवढी माणसं उभी होती, पण तिनं हाक मारली ती ताईला. थोरली पिशवीसकट धावली. एका हातानं फांदी धरली, दुसऱ्यानं धाकटीचं मनगट, आणि ओढलं. ओढताना पिशवी खांद्यावरून निसटली, उतारावर आपटली आणि आतून टण्णकन पत्र्याचा आवाज आला. झडप उघडून लाल पेटी बाहेर डोकावली.

धाकटीनं पेटीकडं पाहिलं, मग ताईकडं पाहिलं.

"अगंबाई, ही तर ताईकडं होती!" ती गर्दीकडं वळून म्हणाली. "झडप खिळखिळी झाली होती, तिलाच दिली होती मी घट्ट करायला. विसरलेच. घ्या, शिक्का मारा आणि पुढं व्हा, मी आले."

लोक हसत शिक्के मारून पुढं गेले. आणि थोरलीला वाटलं, ह्यातही हीच वरचढ. सावरून घेण्याचं पुण्यही हिच्याच पदरात.

दोघी बाकावर बसल्या. धाकटी मोजे पिळत होती.

"का केलंस ताई?"

"बाबांनी घातलेली कोडी म्हणे!" थोरलीचा बांध फुटला. "बाबांना लिहिता तरी येत होतं का गं? मी लिहायची ती. मी! हाताला राख लागलेली असायची, तू दाराशी भोकाड पसरलेलं असायचं, आणि मी यमकं जुळवत बसायची. लिमलेटची गोळी माझ्या वाटची असायची, माहितीय?"

धाकटीनं मोजा खाली ठेवला. "पण तूच सांगायचीस ना," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"बाबांनी ठेवलंय म्हणून. मी बाबांसाठी रडायचे, तेव्हा तू म्हणायचीस, रडू नकोस, बाबांनी जाताना तुझ्यासाठी काहीतरी लपवून ठेवलंय, चल शोधू. दर वेळी हेच म्हणायचीस. मी लहान होते, ताई. तू सांगितलंस ते खरं मानलं."

थोरलीला आठवत नव्हतं असं नाही. त्या आठवणीकडं तिनं कधी वळूनच पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उकिडवी बसून, धाकटीचं नाक पुसत, हेच तर ती म्हणायची. आपल्याच तोंडानं तिनं सगळं बाबांच्या नावावर करून टाकलं होतं.

"आणि ते घरी आले की तू त्यांच्या गळ्यात पडायचीस," थोरली म्हणाली. "चिठ्ठ्या दाखवायचीस. तेही गालातल्या गालात हसायचे. एकदा तरी म्हणाले का, अगं, मी नाही ठेवल्या?"

"नाही म्हणाले."

"लबाड होते."

"होतेच," धाकटी म्हणाली. दोघींना हसू आलं, पण थोरलीनं आपलं लवकर आवरलं. तिचा राग अजून संपायचा होता.

"आता मी सगळ्यांना सांगते, हे ताईचं म्हणून," धाकटी म्हणाली.

"सांग," थोरली म्हणाली. नको नको म्हणायची रीत असते हे तिला माहीत होतं, पण तिनं म्हटलं नाही. "मोठ्यानं सांग. डॉक्टरीणबाईंना तर मुद्दाम सांग."

"आणि पुढची कोडी तू लिही. मला चारच्या पुढं जमत नाहीयेत."

"जमत नाहीत म्हणून माझ्याकडं आलीस होय?"

"म्हणूनच आले."

हे उत्तर थोरलीला फार आवडलं. पडद्यांना चुण्या घालताना ती ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागली. शेजारच्या मशीनवरच्या बाईला वाटलं, ताईंची तब्येत बिघडली. कोडी तयार झाली तेव्हा धाकटी म्हणाली, फार अवघड आहेत. थोरली म्हणाली, सोपी हवी असतील तर तूच लिही. आणि त्यावरून दोघी फोनवर कडाकडा भांडल्या.

त्यानंतरच्या एका सकाळी थोरली पुलाजवळ काठावर बसली होती. विचारलं असतं तर कुणाची वाट बघत नाही असं ती म्हणाली असती. पुलावर एक म्हातारा नवरा आणि त्याची बायको, दोघं कागद धरून हुज्जत घालत होते.

"दोन्ही काठ धरून बसलोय, सोडले तर मीच पडेन," आजोबा वाचत होते. "पाठीवरून चाला खुशाल, पोटाखाली सापडेन. आता हा कोण?"

"मांजर," आजी म्हणाल्या.

ते त्या पुलावरच उभे होते. थोरलीनं पदरानं तोंड दाबलं.

"बाई, तुम्हाला सुटलं का हो हे—" आजोबांनी वरून विचारायला सुरुवात केली.

"मीच लिहिलंय," त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत थोरली म्हणाली.

"तुम्ही? आम्हाला वाटलं चष्म्याच्या दुकानातल्या—"

"तिला हे जमायचं नाही."

"मग काहीतरी खूण सांगा की."

"नाही."

तेवढ्यात पायवाटेवरून धाकटी आली. आजी-आजोबांचे चेहरे उजळले. "ह्या बघा आल्या!" दोघं तिच्याभोवती जमले. धाकटी त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली आणि दोघं एकमेकांना धरून पुलाखाली उतरू लागले.

थोरलीनं धाकटीकडं रोखून पाहिलं. "उत्तर सांगितलंस ना?"

"थोडंसंच."

धाकटी तिला सरकवून शेजारी बसली. पुलाखालून आजोबांची आरोळी आली आणि पाठोपाठ आजींचं मनमोकळं हसू.

"बघ, हसल्या," धाकटी म्हणाली.

"माझ्या कोड्याला हसल्या," थोरली म्हणाली. "तुझ्या कुजबुजण्याला नाही."

धाकटीनं वाद घातला नाही. थोरलीला त्याचाही जरा रागच आला.