साडेबाराचं रीडिंग

हे मी घरात कधी काढलं नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. कोल्हापुरातल्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. शिस्त कडक — निदान मी तसं समजत होते. परीक्षेला दरवर्षी त्याच तीव्रतेचं द्रावण असायचं. ब्युरेट म्हणजे आकडे असलेली काचेची नळी; तिच्यातून थेंबथेंब द्रावण सोडायचं, खालच्या फ्लास्कमध्ये गुलाबी रंग आला की आकडा लिहायचा. हे रीडिंग दहाच्या आसपास येतं, हे मुलांना आधीच्या वर्गाकडून कळलेलं असायचं. निम्मी मुलं ब्युरेटकडे बघायचीच नाहीत. मला हे माहीत नव्हतं का? होतं. दहा आलं की मी पुढं जायचे.

त्या वर्षीही सगळ्यांचं दहा आलं. एकटीचं साडेबारा. शालन — गडमुडशिंगीहून सायकलनं यायची, फारसं बोलायची नाही. बाहेरून आलेले परीक्षक हसले. "तुमची ब्युरेट सगळ्या वर्गाहून वेगळी आहे की काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, गुलाबी साडेबारालाच झालं की. तीनदा केलं."

"सर, हिचा हात बसलेला नाही अजून," मी म्हणाले.

सगळे गेल्यावर मी उरलेल्या द्रावणानं स्वतः करून बघितलं. का — कोण जाणे. दहा गेलं, अकरा गेलं, फ्लास्क बिनरंगीच. साडेबाराला गुलाबी झाला. आदल्या दिवशी घाईत द्रावण मीच केलं होतं. पाणी जास्त पडलं होतं, म्हणून ते जास्त लागत होतं.

गुणांचा कागद अजून माझ्याकडेच होता. परीक्षक जवळच उतरले होते. पण जाऊन सांगायचं काय — द्रावण माझं चुकलं, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या वर्गानं न बघता आकडे लिहिले? मी ब्युरेट धुतली, उलटी अडकवली आणि दिवा बंद केला.

शालन प्रॅक्टिकलात नापास झाली. घरच्यांनी पुन्हा बसू दिलं नाही, लग्न लावून दिलं.

आता परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी एकटीच थांबते, द्रावण तपासते. बाई किती काटेकोर, असं सगळे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची रीडिंगं जुळतात. त्यातली खरी कुठली — मला कळत नाही.

मध्यंतरी ती मंडईत भेटली. कडेवर मूल. तोंड चुकवेल असं वाटलं होतं, तर हसत पुढं आली. "बाई, आता बसलाय बघा हात! घागरीनं दूध ओततोय, थेंब सांडत न्हाई."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. चूक आपल्या हाताचीच होती, असं ती इतकी वर्षं मानत आली होती.

मी भेंडीचा भाव विचारला.