ज्या ओळी मी पुसल्या

गेल्या मंगळवारी दुपारी, बुऱ्हाणपुरात घरी बसून, मी दोनशे फाइली पुसल्या. पाच महिन्यांच्या कामाचा तो शेवटचा दिवस होता.

आमचं सॉफ्टवेअर मोठं आहे, कुणालाही फुकट वापरता येतं. त्यासोबत शिकणाऱ्यांसाठी दोनशे छोटी उदाहरणं दिली आहेत... आणि प्रत्येकाची वेगळी बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे त्या कोडचा चालता प्रोग्रॅम कसा बनवायचा याच्या सूचना. कितीतरी वर्षांत कितीतरी जणांनी लिहिलेल्या. एकीचा दुसरीशी मेळ नाही.

या सगळ्यांच्या जागी मला एकच स्क्रिप्ट करायची होती. जमलं तर नोकरी पक्की होणार होती, घर सोडून पुण्याला जावं लागणार नव्हतं.

जुन्या स्क्रिप्टमध्ये मधेच विचित्र ओळी होत्या. वर लिहिलेलं, 'ही काढू नका.' का, ते कुठेच नाही. मी एकेक काढून पाहिली. माझ्या मशीनवर काही बिघडलं नाही... मग सगळ्याच काढल्या.

बुधवारी सकाळपासून तक्रारी आल्या. कुणाचं मशीन जुनं, कुणाच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा. चाळीसेक उदाहरणं बंद पडली होती.

दुपारी टीम लीडनं सगळं पूर्ववत केलं. त्यासाठी एक बटण पुरतं. संध्याकाळी तिचा फोन आला, फार मायेनं बोलली, त्यावरूनच कळलं... या महिन्यानंतर काम नाही.

बाबा पॉवरलूमचे मिस्त्री. ते जेवायला बसले तेव्हा सांगितलं.

"काढायच्या पहले कोणाला पूछलं का?"

"कोणाला विचारू बाबा? लिहिणारे केव्हाच सोडून गेले."

"दसऱ्याला माग पुसायला लावले तर तू चिंध्या पण सोडून टाकल्या. मस्त चकाचक केलं होतं."

त्या चिंध्या त्यांनीच बांधलेल्या. इथला नट पूर्ण आवळायचा नाही, इथे हात लावायचा नाही... मागाच्या सगळ्या खोडी त्या गाठींत होत्या, कागदावर काही नाही. पुन्हा बांधायला त्यांना आठ दिवस लागले. तेव्हा ते रागावले नव्हते. आताही नाही.

"आता पूछ," म्हणाले, आणि ताक मागितलं.

जुन्या स्क्रिप्टच्या वर लिहिणाऱ्यांचे ईमेल पत्ते होते. त्या ओळी कशासाठी, असं मी सगळ्यांना लिहून विचारलं. बरेच पत्ते बंद होते, बाकीचे गप्प राहिले.

शनिवारी एक उत्तर आलं. कुठल्याशा लहान कॉलेजातले एक शिक्षक. त्यांनी लिहिलेली 'काढू नका'ची ओळ त्यांच्या लॅबसाठी होती, तिथली मशीनं जुनी आहेत आणि नवी येणार नाहीत. बुधवारी उदाहरण चाललं नाही, वर्ग तसाच सोडावा लागला. गुरुवारी आपोआप चालू झालं, का ते कळलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली आभार मानले होते... इतक्या वर्षांत त्या ओळीबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी चाललं, कारण बुधवारी माझं काम काढून टाकलं होतं. हे मी त्यांना कळवलं नाही.

त्या ओळीच्या वर कारण लिहून ठेवलं. पाच महिन्यांतलं माझं तेवढंच तिथे राहील.