बर्लिनहून अकोल्याला

बडनेऱ्याला मुंबईची गाडी आली तेव्हा आईनं माझा हात धरला नाही. वलगावच्या मळ्यातून आम्ही दोघी बैलगाडीनं आलो होतो. फलाटावर लोक मला ओळखून भोवती जमले आणि ती बुजून बाजूला झाली. गाडी हलली तशी मात्र खिडकीशी धावत आली. "तिकडचं पाणी उकळून पेजो व पोरी," एवढंच म्हणाली.

मी तेव्हा मूकपटांतली नटी. माळ्याची पोर पडद्यावर राजकन्या झाली याचं वऱ्हाडात भारी कौतुक. पडद्यावर बोलायचं नव्हतं, म्हणून माझी बोलीही झाकली गेली होती. आता बोलपट येऊ घातले होते. ती नवी कला शिकायला कंपनीचे शेठ आम्हा काही जणांना युरोपात घेऊन निघाले.

लंडन, पॅरिस, मग बर्लिन. तिथल्या बायका माझा पदर हातात घेऊन निरखायच्या, मला कौतुकानं मेजवान्यांना बोलवायच्या. इकडे देशात मिठाचा सत्याग्रह पेटलेला. तिकडच्या वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रं येत. जेवताना कोणी त्याबद्दल विचारलं की शेठ चटकन विषय बदलत. मी उकडलेले बटाटे चिवडत बसे. मळ्यात आता मेथी निघाली असेल, वांग्यांच्या पाट्या अमरावतीच्या बाजारात चालल्या असतील, हेच मनात घोळे.

एके सकाळी हॉटेलवर एक तरुण भेटायला आला. मोर्शीचा होता, तिथे डॉक्टरी शिकत होता. नमस्कार करून म्हणाला, "ताई, तुमाले मालूम हाये का? तुमची माय अकोल्याच्या जेलात हाये. माह्या भावानं कळवलं."

कित्येक महिन्यांनी कानावर वऱ्हाडी पडली, ती ही बातमी घेऊन.

आईचं माहेर अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं खारं पाणी आटवून तिनं बायांना घेऊन मीठ केलं होतं. फौजदार आला तेव्हा बाकीच्या पांगल्या, ही कढईपाशी बसून राहिली. फलाटावरच्या गर्दीला बुजणारी माझी आई!

मी शेठना म्हटलं, मी जाते. ते रागावले नाहीत. "बोलपटात तुझ्या जागी दुसरी येईल, मग मला दोष देऊ नकोस," एवढं बोलले. मिळेल त्या बोटीनं मी निघाले.

जेलच्या जाळीपलीकडे आई फार वाळलेली दिसली. मला पाहून हसेल असं वाटलं होतं, तर तिनं डोळे वटारले. "काम टाकून आली? काहून? म्या माहं काम टाकलं का?"

"आता वापस जायाले जागाच नाही राह्यली, माय. त्यायनं दुसरी घेतली."

आई जाळीला बोटं लावून म्हणाली, "मंग इथंच राह्य. तू गावात हायेस एवढं कळलं तं झोप लागन मले."

मी जेलजवळ एक खोली घेतली. आजोळ लांब खेड्यात; खुद्द अकोल्यात माझं कोणी नव्हतं. दारावरून सरकी काढायला जिनात जाणाऱ्या कापसाच्या गाड्या खडखडत. शेजारणीला मी जेलातल्या बाईची पोरगी एवढंच ठाऊक. सिनेमा तिनं कधी पाहिलाच नव्हता. मी चूल पेटवायची, धुणं वाळत घालायची आणि भेटीच्या दिवसाची वाट पाहायची. जन्मात एवढी कोणाची वाट पाहिली नसेल.

सुटल्यावर आई मळ्यात परतली आणि मी मुंबईत. राजकन्या दुसऱ्या कोणी झाल्या. मला बोलपटांत मावश्या आणि सासवा मिळाल्या. त्यावर पोट चाललं, अजून चालतं. आई गेली. मळा भाऊ पाहतो. कधी गेले तर भावजय पाहुणीसारखा पाट मांडते, आणि मीही पाहुणीसारखी संकोचून बसते. घर सोडून लांब गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

गाव कोणतं, असं कोणी विचारलं की मी वलगाव सांगते. पण संध्याकाळी जीव कातर झाला की मला अकोला आठवतं. ते परकं गाव, ती भाड्याची खोली, आणि जेलच्या भिंतीपलीकडे माझी आई, मी जवळ आहे म्हणून निवांत झोपलेली.