सोमला नायकांची कबुली

भांडण कुठलेही असो, सोमला नायक आधी चावडीत येत नसत. जिथे नुकसान झाले तिथे जाऊन उकिडवे बसत आणि खुरांचे ठसे पाहत. आमच्या गावापासून बाराशे पावलांवर बंजाऱ्यांचा एकेचाळीस घरांचा तांडा होता, त्याचे ते नायक. गावातला कोणी "तांड्यानं चारलं" म्हणाला की विचारत, "तांड्याले किती पाय असते, भाऊ? जनावर सांगा, रंग सांगा." तांड्यातले कोणी "गावानं मारलं" म्हणत आले, तर त्यालाही तेच. "गावाले हात नसते. मारनाऱ्याचं नाव घे." नाव निघाले की भांडण दोन माणसांचे उरे आणि संध्याकाळपर्यंत मिटे. अशी अकरा भांडणे मिटलेली मी स्वतः पाहिली.

पाटील एकदा म्हणाले, "नायक, तुमी वकील व्हाले पायजे होते."

"मंग फी तरी भेटली असती, पाटील. आता दोनीकडच्या शिव्या फुकट खाऊन राह्यलो."

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तांड्याचा झरा आटला आणि तांडा आमच्या विहिरीवर पाणी भरू लागला. त्याच दिवसांत एका सकाळी पाटलांची वांग्याची वाडी तुडवलेली दिसली. माझे शेत लागूनच, म्हणून मी प्रथम पोचलो. मागोमाग नायक आले. ओल्या मातीत ठसे स्वच्छ उमटले होते. प्रत्येक खुराला नाल, आणि पुढच्या डाव्या खुराची नाल अर्धी तुटलेली. तांड्यात नाल ठोकलेले एकही जनावर नव्हते. तुटक्या नालेचा बैल गावात एकच, माझ्या चुलतभावाचा, दौलतचा. त्याचा एक बैल आणि माझा एक, अशा एका जोडीवर आम्हा दोघांची शेती चाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग तांड्याला शिव्या देत गाव जमले आणि माणसांच्या पायांखाली सारे ठसे गेले.

चावडीत पाटील म्हणाले, "उद्यापासून तांड्याची एकबी घागर इहिरीवर दिसली नाही पायजे."

नायकांनी बैल ओळखला होता, पण ठसे पुसल्यावर तांड्याच्या माणसाचा नुसता शब्द तिथे कोण मानणार? माझा मानला असता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. शेजारी दौलत बसला होता, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. मी सतरंजीकडे पाहत राहिलो.

"चुकलं, पाटील," नायक म्हणाले. "तांड्याचं चुकलं. कुंपन आमी घालून देतो. पानी तोडू नका."

पाणी राहिले. तांड्याने मात्र नायकांना तोडले. "तूनं आमाले चोर केलं," त्यांच्या सख्ख्या पुतण्याने तोंडावर सांगितले. त्यांच्या ओट्यावर कोणी बसेना. पाऊस पडून झरा वाहता झाल्यावर ते फुलसावंगीला मुलीकडे कायमचे निघाले. मी त्यांना वाटेत गाठले.

"नायक, आता तांड्याचं पानी काही अडत नाही. सांगून टाकू काय?"

"मले काहून विचारता, भाऊ?" त्यांनी गाठोडे दुसऱ्या खांद्यावर घेतले. "पयले पेरनी तं करून घ्या."

पेरणी झाली. त्यानंतर आणखी सहा झाल्या. मागच्या वर्षी नायक तिकडेच वारले. तांड्यात त्यांचे नाव निघाले की अजून म्हणतात, यानेच आपल्याला चोर ठरवले. दौलत आणि मी अजून एकाच जोडीने पेरतो.